सहा व्होल्टचा ऑब्री पास्को

ऑब्री पास्को बोलायला लागला की आधी नाकातून एक "हं" येतो. मग थोडा वेळ काहीच येत नाही. मग प्रश्न येतो, आणि तो गेली चोवीस वर्षं एकच आहे: "हं... कारखान्यातून निघाली तेव्हा हे होतं का?"

हा आवाज मी बेकरीच्या रांगेत काढला तर पुढचे दोघे दचकून आपापल्या बुटांकडे बघतात. वुरांडा गावात जुनी गाडी असलेला एकही माणूस असा नाही ज्याला हा प्रश्न झोपेत ऐकू आलेला नाही. आमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबचा ऑब्री हा परीक्षक. दर जुलैला, म्हणजे आमच्या ऐन हिवाळ्यात, तो पांढरे सुती हातमोजे घालतो, काठीला बांधलेला छोटा आरसा गाडीखाली सरकवतो आणि मूळचं नसेल त्याचे गुण कापतो. स्क्रूची खाच आडवी दिसली, अर्धा गुण. टायरच्या झाकणाचा रंग नंतरचा, एक गुण. क्लबच्या अध्यक्षाने, केल्व्हिन नॉश्केने, नवी कवळी बसवली तेव्हा ऑब्रीने त्याच्या तोंडाकडे इतका वेळ पाहिलं की बिचारा महिनाभर हसला नाही.

पूर्वी ऑब्री गव्हाच्या कोठारावर वजनकाट्यावर होता. पस्तीस वर्षं ट्रक यायचे, काटा हलायचा, थांबायचा, आणि ऑब्री आकडा सांगायचा. शेतकरी भांडायचे, विनवायचे, एकाने तर रडून दाखवलं. ऑब्री म्हणायचा, "हं... काटा खोटं बोलत नाही." पुढे तिथे यंत्र बसलं आणि ऑब्रीला भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी पाठवलं. ते घड्याळ त्याने कधी लावलं नाही. पण हातमोजे राहिले. त्याची बायको व्हॅलमाय ते दर शुक्रवारी इस्त्री करते, वर्षात एकदाच लागत असले तरी. आम्ही शेजारी, कुंपणावरून आम्हाला दिसतं: दोन पांढरे हात दोरीवर लटकलेले, बोटं खाली, जणू कोणाचे तरी गुण कापून दमलेत.

ऑब्रीची स्वतःची गाडी म्हणजे ग्वेन, पंचावन्न सालची एफजे होल्डन. रंग मटारच्या सुपासारखा. तिच्यात एक खिळासुद्धा नंतरचा नव्हता. बॅटरी सहा व्होल्टची, मूळची. म्हणजे दिवेही सहा व्होल्टचे. ते लागले आहेत की नाहीत हे बघायला गाडी थांबवून, उतरून, समोर जाऊन हात धरावा लागायचा. संध्याकाळी रस्ता दिसावा म्हणून व्हॅलमाय खिडकीतून हात बाहेर काढून मोठा टॉर्च धरायची, मेंढ्या शोधायचा असतो ना तसला. तिचा डावा खांदा त्यातच आखडला.

दर गुरुवारी ते दोघं तीस किलोमीटरवर व्हॅलमायच्या बहिणीकडे पत्ते खेळायला जातात. मे महिन्यातल्या एका गुरुवारी परत येताना गाडीत जे बोलणं झालं ते व्हॅलमायनेच आम्हाला कुंपणावरून सांगितलं:

"ऑब्री, इमू."

"कुठे?"

"माझ्या खिडकीत."

"मला नाही दिसत."

"तुला कसा दिसेल? तो टॉर्च गिळतोय."

टॉर्च गेला. घरी आल्यावर व्हॅलमाय म्हणाली, "मिस्टर पास्को, ऐका." ती "मिस्टर पास्को" म्हणाली की मांजरसुद्धा घराबाहेर जातं. "एक तर गाडीला दिवे बसवा. नाहीतर पुढच्या गुरुवारपासून मी डॉटबरोबर जाणार."

हे म्हणजे फारच झालं. डॉट हेनेसी ही सत्तरीची बाई. चाळीस वर्षं तिने शाळेची बस चालवली, आणि अख्खं गाव तिला अजून घाबरून सीटवर सरळ बसतं. तीन वर्षांपूर्वी तिने आपल्या मॉरिस गाडीला झगझगीत हॅलोजन दिवे लावले होते. ऑब्रीने क्लबसमोर ते काढायला लावले. वर नवा नियम लिहिला, चौदावा. त्यात स्वतःलाही सोडलं नाही: परीक्षकाच्याच गाडीत मूळचं नसलेलं काही सापडलं, तर त्याने आहे त्या जागी हातमोजे उतरवावेत. हे वाक्य लिहिल्याचा त्याला इतका अभिमान होता की त्याने ते चौकटीत लावून गॅरेजमध्ये टांगलं.

त्या चौकटीखाली आता स्पिरो उभा होता. स्पिरो शेजारच्या गावचा, गाड्यांची वायरिंग करणारा. तो इतका भरभर बोलतो की त्याचा आवाज काढताना माझी जीभ दोनदा चावली गेली.

"दिवे काय, अर्ध्या दिवसाचं काम. बारा व्होल्टची बॅटरी टाकू, हॅलोजन टाकू, रिले टाकू. डायनामो बदलू, कॉइल बदलू. मग हॉर्न बदलू, पेट्रोलचा काटा बदलू, आतला बल्ब बदलू..."

"हं..." ऑब्री म्हणाला. मग थांबला. मग म्हणाला, "फक्त दिवे."

"अरे बाबा, फक्त दिवे कसे? सगळी गाडी सहावर जगते. तिला एकदम बारा पाजलेस तर?"

"दिव्यांसाठी आणि इंजिनासाठी लागेल तेवढंच. बाकी सगळं मूळचं राहील."

"मूळच्या हॉर्नला बारा व्होल्ट दिलेस तर तो मूळचा राहणार नाही, त्याचा बोकड होईल! आणि काटा वेडा होईल, सांगून ठेवतो."

"काटा खोटं बोलत नाही," ऑब्री म्हणाला.

स्पिरोने चौकटीकडे पाहिलं, ऑब्रीकडे पाहिलं, आणि काम केलं. बाहेरून काहीच कळू नये म्हणून जुन्या गोल काचा तशाच ठेवल्या. उरला प्रश्न बॅटरीचा, कारण बॉनेट उघडलं की ती पहिली दिसते. तेव्हा ऑब्रीने जुन्या सहा व्होल्टच्या बॅटरीचं काळं खोकं आतून कोरून काढलं आणि त्यात नवी लपवली. त्यावर डांबर ओतलं. त्यावर सत्तर वर्षांची वाटेल अशी धूळ घातली. धूळ कोठारावरून आणली होती, पिशवीतून, म्हणजे तीही मूळचीच. या खटपटीत ॲसिड सांडून त्याच्या पँटला सात भोकं पडली.

"ही भोकं कारखान्यातून निघाली तेव्हा होती का?" व्हॅलमायने विचारलं.

पहिल्या गुरुवारी त्यांनी मागच्या रस्त्याने जाऊन दिवे लावले. व्हॅलमाय सांगत होती, इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला कळलं की त्या रस्त्याला वळणं आहेत. पुढच्या अर्ध्या किलोमीटरवर एक ससा उभा होता, त्याच्या मिश्या मोजता येत होत्या. ऑब्रीचं नाक लाल झालं होतं. आनंद झाला की त्याचं तसं होतं.

मग ग्वेनचं बाकीचं अंग जागं झालं. दार उघडलं की आतला बल्ब लग्नाच्या मांडवासारखा पेटला आणि फुटला. हॉर्न खरंच बोकड झाला. ऑब्रीने पोस्टासमोर चुकून त्यावर कोपर टेकवलं तर तिघांनी रस्ता सोडून दुकानात उडी घेतली. आणि पेट्रोलचा काटा "पूर्ण"वर जाऊन जो बसला तो उतरेचना. दोन आठवडे झाले तरी पूर्ण.

"बघ," ऑब्री व्हॅलमायला म्हणाला, "वायरिंग सुधारली की गाडी कमी पिते."

"अरे, पण काहीच न पिता?"

"हं... काटा..."

"नको बोलूस ते वाक्य."

पंपावर मग तो अंदाजाने, सवयीपुरतं थोडं थोडं भरायचा. पंपवाल्याला सांगायचा, "तिला नको असतं, मीच आग्रह करतो."

गुपित तरीही गुपित राहीना, कारण ते चमकत होतं. गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता मागच्या रस्त्यावरचा डॉटचा कोंबडा आरवला. पुढच्या गुरुवारी पुन्हा. तिसऱ्या शुक्रवारी डॉट ऑब्रीच्या कुंपणाशी आली. मी आमच्या बाजूला कपडे वाळत घालत होते, आणि एकच मोजा मी अकरा वेळा झटकला.

"ऑब्री, काल मागच्या रस्त्यावर काय होतं रे?"

"हं... कुठे काय?"

"मेंढ्यांच्या सावल्या माझ्या घराच्या भिंतीवर चालत होत्या. छपराएवढ्या."

"चंद्र असेल."

"चंद्र हॉर्न मारतो?"

ऑब्री आत गेला. डॉट मला म्हणाली, "तू काय बघतेस? तो मोजा मेला आता."

जुलैची फेरी आली. आमच्याकडे शनिवारी फुटबॉलचा सामना असतो, आणि तो संपल्याशिवाय गावात काही सुरू करायचा प्रयत्न करणारा माणूस अजून जन्मला नाही. म्हणून क्लबची फेरी शेवटच्या भोंग्यानंतर, दिवेलागणीला निघते. अकरा गाड्या ओळीने बारा किलोमीटर जातात, क्लबच्या शेडमध्ये थांबतात, तिथे दोन पिवळ्या बल्बांखाली परीक्षण होतं आणि मग गरम पेस्टी, म्हणजे खिम्याच्या मोठ्या करंज्या, खातात. नियम दोन: पुढच्या गाडीला ओलांडायचं नाही, ती जाईल तिथे जायचं. नियम तीन: फेरी जिथे संपेल तिथे परीक्षण होईल. हे नियमही ऑब्रीचेच.

ऑब्रीचा बेत होता सगळ्यात शेवटी राहायचा, मंद. पण केल्व्हिनने कवळी सावरत जाहीर केलं, "या वर्षी ऑब्रीच्या परीक्षणाचं पंचविसावं वर्ष! म्हणून मान ग्वेनचा. ग्वेन सगळ्यांत पुढे!"

टाळ्या पडल्या. ऑब्रीचा चेहरा पीठ झाला. वर धुकं उतरत होतं, म्हणजे दिवे लावणं भाग. पुढे राहिलं तर प्रकाश दिसणार, प्रकाश दिसला तर हातमोजे जाणार. पंचविसाव्या वर्षी, आहे त्या जागी.

तो ग्वेन आणि व्हॅलमाय, दोघींना घेऊन घरच्या गॅरेजमध्ये गेला. पाच मिनिटांनी बाहेर आले तेव्हा व्हॅलमायचे पाय उघडे होते, जुलैच्या थंडीत. तिचे नायलॉनचे लांब मोजे ग्वेनच्या दिव्यांवर चढले होते, दुहेरी घडी करून, कडा चकचकीत रिंगांखाली नीट खोचलेल्या. दिवे लावून पाहिले. तपकिरी, मिणमिणते, अगदी सहा व्होल्टसारखे. ऑब्री खूश. व्हॅलमाय म्हणाली, "माझे चांगले मोजे होते ते. काही झालं तर गुण मी कापीन."

फेरी निघाली. मी डॉटच्या मॉरिसमध्ये मागे बसले होते, कारण मागे वजन नसलं की ती गाडी उड्या मारते. आम्ही ग्वेनच्या लगेच मागे. पहिले चार किलोमीटर काही नाही. धुकं, ग्वेनचे मागचे दोन लाल ठिपके, आणि खिडकीबाहेर मान काढून चालवणारी डॉट.

मग डॉट हवा हुंगत म्हणाली, "कोणीतरी कंगवा जाळतंय."

हॅलोजन दिवा तापतो. नायलॉनला तापलेलं आवडत नाही. आधी धूर दिसला, मग डावा मोजा वितळला, मग उजवा, आणि मग ग्वेनच्या पुढे एकदम दिवसच उगवला. पण धुक्यातला दिवस. त्या प्रकाशात रस्ता दिसत नव्हता, झाड दिसत नव्हतं. चुना मारलेली एक भिंत उभी होती, आणि ऑब्री तिच्यात शिरत होता. घाबरून त्याने कोपर टेकवलं. बोकड ओरडला. व्हॅलमायचा आवाज मागे आमच्यापर्यंत आला: "वळण! ऑब्री, वळण!" आणि ऑब्रीचा: "कुठलं?"

ग्वेन वळली. वळण तिथे नव्हतं, फाटक होतं, नशिबाने उघडं. ग्वेन मेंढ्यांच्या कुरणात गेली. डॉट म्हणाली, "नियम दोन," आणि तिच्या मागोमाग मॉरिस घातली. आमच्या मागे केल्व्हिन, त्याच्या मागे बाकीचे आठ, सगळे ओळीने, कोणी कोणाला न ओलांडता. मेंढ्यांनी बाजूला होऊन पाहिलं. कुरणाच्या मधोमध ग्वेन एकदा खोकली, दोनदा खोकली, आणि थांबली.

पेट्रोल संपलं होतं. काटा "पूर्ण"वर होता.

क्लबची सवय अशी की थांबलं की पुढच्या गाडीसमोर अर्धगोल करून गाड्या लावायच्या, फोटोसाठी. सवय ती सवय. दहा गाड्यांनी फिरून ग्वेनसमोर अर्धगोल केला आणि सगळे खाली उतरले. तेवढ्यात वारा आला आणि धुकं पडदा ओढावा तसं बाजूला झालं.

आता सांगते काय दिसलं. ग्वेनचे दिवे चालूच होते. चोवीस वर्षं ज्या गाड्यांचं परीक्षण दोन पिवळ्या बल्बांखाली झालं, त्या दहाच्या दहा गाड्या पहिल्यांदा प्रकाशात उभ्या होत्या. केल्व्हिनच्या गाडीची चकचकीत जाळी पत्र्याला लावतात त्या चंदेरी रंगाने रंगवलेली, ब्रशचा एक केस अजून चिकटलेला. एकाच्या डॅशबोर्डाचं शिसवी लाकूड म्हणजे कपाटात लावतात तो चिकटकागद, कोपऱ्यात दुकानाचा छाप. एकाच्या सीटचं मूळ चामडं म्हणजे दप्तर, आणि पट्टा कापायला तो विसरला होता. सहाव्या गाडीच्या दाराला नखांचा लाल रंग लावला होता, मालकाच्या नखांनाही तोच.

मग केल्व्हिन, हात डोळ्यांवर धरून, गोड आवाजात म्हणाला, "ऑब्री, मित्रा, तेवढे दिवे घालव की. डोळ्यांना त्रास होतो रे."

"हो ना," दप्तरवाला म्हणाला. "बॅटरी उतरेल तुझी. मूळची बॅटरी."

ऑब्री हे ऐकत नव्हता. त्याने खिशातून हातमोजे काढले होते. त्याचं नाक लाल झालं होतं. तो आरशाची काठी घेऊन त्या उजेडात गेला आणि गाडीगाडीशी थांबून पुटपुटू लागला: "हं... अर्धा. हं... दोन. हं... अरे देवा, चार!" मुलं जत्रेत फिरतात ना, तसा. केल्व्हिनच्या जाळीवरून बोट फिरवलं तर हातमोज्याचं टोक चंदेरी झालं. तो बोट वर धरून सगळ्यांना दाखवत होता.

दहावी गाडी डॉटची. तिथे तो खूप वेळ वाकला. आरसा खाली, आरसा वर. दिवे बघितले, सहा व्होल्टचे, मेणबत्तीसारखे. शेवटी सरळ झाला.

"मिसेस हेनेसी," तो म्हणाला. परीक्षण चालू असताना तो सगळ्यांना मिसेस आणि मिस्टर म्हणतो. "काहीच सापडत नाही."

"कसं सापडेल?" डॉट म्हणाली. "तीन वर्षं तुम्ही माझ्याकडून सगळं मूळचं करून घेतलंत. संध्याकाळी मी मान बाहेर काढून गाडी चालवते. माझी मान आता उजवीकडेच वळते. आता अकरावी गाडी, मिस्टर पास्को."

"अकरावी?"

डॉट ग्वेनकडे गेली. दिव्यांच्या रिंगांवर मोज्यांची चिकट तपकिरी लाळ सुकत होती. तिने तिकडे बोट केलं, आणि अगदी त्याच्याच नाकातून, माझ्यापेक्षाही चांगला आवाज काढून विचारलं:

"हं... कारखान्यातून निघाली तेव्हा हे होतं का?"

मला वाटलं ऑब्री चंद्र म्हणेल. पण ग्वेनचं बॉनेट त्याने स्वतःच उघडलं. आरसा सरकवला. डांबराला नख लावून झाकण उचकटलं आणि आतली नवी बॅटरी सगळ्यांना दिसेल असा बाजूला झाला. "बॅटरी, दहा गुण," तो म्हणाला. "दिवे, वीस. रिले, तो दिसत नाही, पण आहे, पाच. धूळ..." इथे त्याचा आवाज जरा चिरकला. "धूळ मूळची आहे."

"आणि मोजे," व्हॅलमाय गाडीतून म्हणाली, घोंगडीत पाय गुंडाळून. "मोज्यांचे पन्नास."

"मोज्यांचे पन्नास," ऑब्रीने लिहिलं. मग एकेक बोट ओढत हातमोजे उतरवले, आहे त्या जागी, मेंढ्यांच्या लेंड्यांमध्ये. कोणाकडे द्यावेत हे त्याला कळेना. केल्व्हिनने हात पुढे केला, तेव्हा ऑब्रीने त्याच्या जाळीकडे नुसतं पाहिलं. केल्व्हिनने हात मागे घेतला. सबंध कुरणात हातमोजे घालायला लायक एकच माणूस होता, आणि तो मान उजवीकडे वळवून उभा होता.

डॉटने ते घातले. मोठे होत होते. तिने एकदा सगळ्यांकडे पाहिलं आणि लोक, खरं सांगते, उभ्या उभ्या सरळ बसले.

"पहिला निर्णय," ती म्हणाली. "मिस्टर पास्कोंची गाडी स्पर्धेतून बाद. कायमची."

ऑब्रीने मान हलवली.

"दुसरा निर्णय. यापुढे परीक्षण शेडमध्ये होणार नाही. बाद गाडीच्या उजेडात होईल. बाद गाडीने दर वर्षी हजर राहायचं, आणि दिवे लावायचे." मग तिने त्यातल्या त्यात हळू आवाजात विचारलं, "गुरुवारी आम्हाला दोघींनाही नेशील का रे? मला रस्ता बघायचाय."

पेस्ट्या कुरणातच खाल्ल्या. कोणीतरी कॅनमधून पेट्रोल आणायला गेलं. तोवर डॉटने केल्व्हिनच्या गाडीपासून पुन्हा परीक्षण सुरू केलं, कारण ऑब्रीचे गुण आता धरले जाणार नव्हते. ऑब्री ग्वेनच्या बॉनेटला टेकून उभा होता, हातात पेस्टी, उघडे हात गारठलेले.

"हं... मिसेस हेनेसी," तो शेवटी म्हणाला, "त्या जाळीच्या खालचा तिसरा स्क्रू. खाच आडवी आहे."

डॉट वळलीही नाही. "मिस्टर पास्को, तुम्ही दिवा आहात. दिवे बोलत नाहीत."

ऑब्रीने विचार केला. पेस्टी बॉनेटवर ठेवली, खिडकीतून आत वाकला, आणि कोपर टेकवलं.